लोकसभा २०२४: अर्ध्या टक्क्याचाही फरक नव्हता, मग महाराष्ट्रात ३० विरुद्ध १७ झालं कसं?

४ जून २०२४ ची मतमोजणी संपली तेव्हा महाराष्ट्राचा हिशोब असा होता: ४८ पैकी महाविकास आघाडी म्हणजे मविआ (काँग्रेस, ठाकरेंची शिवसेना, शरद पवारांची राष्ट्रवादी) ३०, महायुती (भाजप, शिंदेंची शिवसेना, अजित पवारांची राष्ट्रवादी) १७ आणि सांगलीतून अपक्ष विशाल पाटील १. पाच वर्षांपूर्वी, २०१९ ला, भाजप २३ आणि एकसंध शिवसेना १८, म्हणजे युती ४१ वर होती. त्यामुळे निकालाच्या रात्रीच सगळीकडे एकच शब्द सुरू झाला, लाट. मला हा शब्द तेव्हाही पटला नाही आणि आकडे नीट बघितल्यावर तर अजिबातच पटत नाही, कारण मविआला राज्यात साधारण ४३.९ टक्के मतं मिळाली आणि महायुतीला साधारण ४३.५. मतदान झालं ६१ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तेही २०१९ इतकंच. अडीच कोटी विरुद्ध अडीच कोटीला थोडी कमी, असा हा सामना होता. लाट असती तर असं अंतर निघालंच नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की महाराष्ट्राने एक कौल दिलाच नाही, प्रत्येक भागाने आपापल्या दुखण्यावर वेगळं मत दिलं आणि ती सगळी मतं योगायोगाने एकाच ईव्हीएमच्या मोजणीत आली. म्हणून हे प्रकरण भागाभागाने उलगडून बघायला पाहिजे.

आधी पक्षांचं बघू कारण इथेच बऱ्याच जणांची गल्लत होते. भाजपची मतं २०१९ ला २७.८ टक्के होती ती २०२४ ला २६.२ झाली, म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास घट (तीही २५ ऐवजी २८ जागा लढवून), आणि जागा मात्र २३ वरून ९. काँग्रेस १६.४ वरून १६.९, आणि जागा १ वरून थेट १३, ते पण २५ ऐवजी १७ च जागा लढवून. म्हणजे काँग्रेसचा मतदार राज्यभर वाढला असं नाही, तिने कमी ठिकाणी लढून जिथे लढली तिथे जास्त मतं घेतली, आणि उरलेल्या ठिकाणी तिची मतं ठाकरेंच्या मशालीला आणि शरद पवारांच्या तुतारीला गेली. शरद पवारांच्या पक्षाने तर १० जागा लढवून ८ जिंकल्या.

आता कोण कोणाशी लढलं ते बघा, मला वाटतं ह्या निवडणुकीतली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच आहे आणि तिच्यावर फारसं कोणी बोललं नाही. भाजप आणि काँग्रेस समोरासमोर होते १५ जागांवर, त्यातल्या ११ काँग्रेसने घेतल्या, भाजपकडे राहिल्या फक्त नागपूर, पुणे, अकोला आणि उत्तर मुंबई. भाजप आणि शरद पवार गट ८ जागांवर भिडले, त्यात ६ पवारांकडे, भाजपला सातारा आणि रावेर. पण दोन्ही शिवसेना १३ जागांवर एकमेकांसमोर आल्या तिथे शिंदेंनी ७ घेतल्या आणि ठाकरेंनी ६. म्हणजे महायुतीचा खरा बाजार उठला तो भाजपच्या जागांवर, शिंदेंच्या नाही. "पक्ष फोडला म्हणून लोकांनी धडा शिकवला" हे वाक्य तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होतं, आणि बारामतीत ते खरंही आहे, सुप्रिया सुळे १ लाख ५८ हजारांनी आल्या. पण फुटीचा राग हेच एकमेव कारण असतं तर ठाणे, कल्याण, मावळ, हातकणंगले, बुलढाणा, संभाजीनगर ह्या जागा शिंदेंच्या धनुष्यबाणाकडे गेल्या नसत्या.

मग राग होता कशाचा? इथून पुढे एकेक भाग.

कांद्यापासून सुरू करतो कारण आमचं गाव निफाड तालुक्यात आहे आणि हा विषय जवळून बघितलाय. केंद्राने आधी ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं आणि मग डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निर्यातच बंद केली. बाहेरच्या माणसाला वाटतं की बंदी म्हणजे बंदी, शेतकरी माल ठेवेल आणि उठल्यावर विकेल. पण डिसेंबरात बाजारात असतो लाल कांदा. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो, लाल कांद्यात पाणी जास्त, तो टिकत नाही, काढला की विकायलाच लागतो. म्हणजे ज्या वेळेला बंदी आली त्या वेळेला शेतकऱ्याच्या हातात थांबायचा पर्यायच नव्हता, ट्रॅक्टर भरून लासलगाव नाहीतर पिंपळगावला न्यायचा आणि जो पुकारा होईल तो घ्यायचा. लासलगावला क्विंटलला चार हजारांच्या आसपास चाललेला भाव काही आठवड्यांत निम्म्यावर आला. बंदी ३१ मार्चपर्यंत होती, लोक म्हणाले चला निदान उन्हाळ कांदा तरी सुटेल, तर मार्चमध्ये ती पुढे वाढवली. आणि एप्रिलच्या शेवटी, ऐन प्रचारात, गुजरातच्या २ हजार टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी दिली. दोन हजार टन म्हणजे ह्या व्यवसायात काहीच नाही, पण गावात त्याचा अर्थ काय लागला असेल हे सांगायची गरज नाही, प्रत्येक पारावर हाच विषय. बंदी उठली ४ मे ला, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. १५ मे ला पंतप्रधानांची सभा पिंपळगाव बसवंतला झाली, तिथे एका तरुणाने भर सभेत उठून कांद्यावर बोला म्हणून आवाज दिला.

दिंडोरीत मतदान २० मे ला झालं. समोरासमोर होत्या केंद्रात राज्यमंत्री असलेल्या डॉ. भारती पवार आणि शरद पवार गटाचे भास्कर भगरे, पेशाने शिक्षक. दिंडोरी लोकसभेत सहा विधानसभा येतात, नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड आणि दिंडोरी, आणि त्या वेळेला ह्या सहाच्या सहा ठिकाणचे आमदार महायुतीचे होते! भुजबळ, झिरवाळ, कांदे, बनकर, आहेर, नितीन पवार, सगळी बडी मंडळी. आणि तरी भगरे सर १ लाख १३ हजारांनी निवडून आले. बरं हे इथेच संपत नाही. तिथे बाबू भगरे नावाचे एक अपक्ष उभे होते आणि त्यांचं चिन्ह होतं तुतारी, नुसती तुतारी, तर पवार गटाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. आडनाव तेच, चिन्ह जवळपास तेच. त्या अपक्षाला १ लाख ३ हजार ६३२ मतं पडली. ज्या माणसाचा प्रचारात कुठे मागमूस नव्हता त्याला लाखभर मतं, ह्यातली बहुतेक मतं कोणाला द्यायची होती हे उघड आहे. आदिवासी पट्ट्यातला, नाहीतर सत्तरी ओलांडलेला मतदार मशीनपुढे उभा राहतो, तुतारी शोधतो आणि पहिली दिसली तिच्यापुढचं बटण दाबतो, त्यात त्याची काय चूक? आयोगाने अशी दोन चिन्हं एका यादीत ठेवायलाच नको होती, असं माझं स्पष्ट मत आहे. दिंडोरीत फरक मोठा होता म्हणून निभावलं. साताऱ्यात निभावलं नाही. तिथे उदयनराजे ३२,७७१ मतांनी जिंकले आणि तुतारी चिन्हाच्या अपक्षाला ३७,०६२ मतं होती.

कांद्याचा पट्टा एकत्र धरला, म्हणजे दिंडोरी, नाशिक, नगर, शिर्डी, शिरूर, तर सगळ्या जागांवर महायुती हरली. नाशिकला अजून एक घोळ होता, उमेदवार ठरता ठरता मे महिना उजाडला. नगरला निलेश लंके २९ हजारांच्या आत का होईना पण विखेंच्या घरात घुसून आले.

विदर्भात कांदा नाही, तिथे सोयाबीन आणि कापूस. सोयाबीनचा हमीभाव ४,६०० रुपये आणि बाजारात भाव त्याच्याही खाली, कापसाचंही तेच रडगाणं. पहिल्या टप्प्यात १९ एप्रिलला मतदान झालेल्या पाच जागांत भाजपला एकटं नागपूर राहिलं, तेही गडकरींमुळे. चंद्रपूरला मुनगंटीवार राज्यात मंत्री असताना २ लाख ६० हजारांनी पडले. प्रतिभा धानोरकरांमागे पतीच्या निधनाची सहानुभूती होती हे मान्य, पण एवढा फरक नुसत्या सहानुभूतीचा नसतो. एकूण विदर्भात १० पैकी ७ मविआ. उरलेल्यात बुलढाणा मात्र नीट बघण्यासारखं आहे, कारण तिथेही शेतकऱ्याचा राग तेवढाच होता, पण तो मशालीकडे गेला नाही, रविकांत तुपकरांकडे गेला. ह्या माणसाने सोयाबीन-कापसासाठी आंदोलनं केलेली, अपक्ष उभा राहिला आणि अडीच लाखांच्या घरात मतं घेतली. शिंदे गटाचे प्रतापराव जाधव २९ हजारांच्या आसपास मतांनी निवडून आले. म्हणजे राग तोच, पण तो दोन ठिकाणी वाटला गेला की सीट सत्ताधाऱ्याकडेच राहते. महायुतीच्या १७ मधल्या काही जागा अशाच आहेत.

मराठवाड्यात तर ८ पैकी ७ गेल्या, फक्त संभाजीनगर राहिलं. इथे शेतीपेक्षाही मोठा विषय होता मराठा आरक्षण. १ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्यात आंतरवाली सराटीत उपोषणाच्या ठिकाणी लाठीमार झाला आणि त्या एका दिवसानंतर मराठवाड्याचं राजकारण पहिल्यासारखं राहिलं नाही. सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये १० टक्के आरक्षणाचा कायदा केला, पण मागणी ओबीसीतून कुणबी प्रमाणपत्रांची होती, त्यामुळे तो राग काही शमला नाही. ह्या आंदोलनाचे नेते मनोज जरांगेंनी उमेदवार दिले नाहीत, कोणाला मत द्या असंही उघड सांगितलं नाही, कोणाला पाडायचं ते लोकांनी आपापलं समजून घेतलं. ज्या जालन्यात रावसाहेब दानवे २०१९ ला ३ लाख ३२ हजारांनी आले होते, सलग पाच वेळा खासदार, तिथे ते काँग्रेसच्या कल्याण काळेंकडून १ लाख ९ हजार ९५८ मतांनी पडले. आणि त्याच जालन्यात मंगेश साबळे ह्या तरुण सरपंचाने अपक्ष उभं राहून दीड लाखाच्या वर मतं घेतली. दोन्ही मोठे पक्ष सोडून दीड लाख लोक एका पोराच्या मागे गेले, ह्यावरून तिथली धग कळते.

बीडची गोष्ट सगळ्यात अवघड. तिथे मतदान जवळपास सरळ जातीवर झालं, मराठा एका बाजूला आणि वंजारी-ओबीसी दुसऱ्या बाजूला, आणि हे लिहिताना मला बरं वाटत नाही पण ते तसं झालं. २०१९ ला प्रीतम मुंडेंनी ज्या बजरंग सोनवणेंना १ लाख ६८ हजारांनी हरवलं होतं, शरद पवार गटाच्या त्याच सोनवणेंसमोर आता भाजपच्या पंकजा मुंडे. मतमोजणीत पारडं सारखं इकडून तिकडे, परळीने ताईंना भरभरून दिलं, बीड आणि गेवराईने ते काढून घेतलं, रात्री उशिरापर्यंत निकाल लागेना आणि शेवटी सोनवणे ६,५५३ मतांनी. दोघांनाही पावणेसात लाखांच्या वर मतं आहेत. त्यानंतर जिल्ह्यात जे वातावरण झालं, गावागावात एकमेकांच्या दुकानात जायचं नाही वगैरे, ते निकालापेक्षा जास्त दिवस टिकलं. ज्या निवडणुकीत दोन्ही बाजूंचा शेतकरी तोच, त्याच्या सोयाबीनचा भाव तोच, तिथे शेवटी आडनाव बघून मत पडलं, ह्याचं वाईट वाटतं.

तिसरा विषय संविधानाचा, आणि हा एकट्या कुठल्या भागाचा नव्हता. "चारसौ पार" ही घोषणा भाजपला कार्यकर्त्यांमध्ये जोश आणायला बरी वाटली असेल, पण कर्नाटकातल्या भाजप खासदाराने मार्चमध्ये घटना बदलायला तेवढ्या जागा लागतात असं बोलून टाकलं आणि मग ती घोषणा दलित वस्त्यांमध्ये उलटी फिरली. परिणाम बघायचा असेल तर राखीव जागा बघा. अनुसूचित जातींसाठी राखीव पाच, अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर, सोलापूर, पाचही मविआकडे. जमातींसाठी राखीव चारपैकी नंदुरबार, दिंडोरी, गडचिरोली-चिमूर मविआ, भाजपला फक्त पालघर. आणि दुसरा पुरावा म्हणजे प्रकाश आंबेडकरांची वंचित बहुजन आघाडी. २०१९ ला वंचितला जवळपास ७ टक्के मतं होती आणि त्यामुळे काँग्रेस-राष्ट्रवादीचे कितीतरी उमेदवार पडले होते. २०२४ ला वंचित तीन टक्क्यांच्या आत आली. ही मतं कुठे गेली हे वेगळं सांगायला नको. अपवाद अकोला, तिथे स्वतः प्रकाश आंबेडकर उभे होते, त्यांना पावणेतीन लाखांच्या वर मतं, आणि भाजपचे अनुप धोत्रे ४० हजारांनी निघून गेले. आंबेडकर मविआत आले असते तर अकोला नक्की वेगळं दिसलं असतं, आणि ते का आले नाहीत ह्याचा दोष मी दोन्ही बाजूंना देईन.

धुळ्याबद्दल बरंच बोललं गेलं म्हणून थोडं सविस्तर. काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी जिंकल्या. पाच विधानसभांमध्ये भाजपचे सुभाष भामरे पुढे होते आणि मालेगाव मध्य ह्या एकाच ठिकाणी बच्छावांना जवळपास १ लाख ९४ हजारांचं लीड मिळालं, त्यात सगळं फिरलं. मुस्लिम मतदाराने एकगठ्ठा मत दिलं हे खरंच आहे, मुंबईतही त्याने मशालीला दिलं, जे दहा वर्षांपूर्वी कोणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. पण भाजपने नंतर सगळा पराभव ह्याच एका गोष्टीवर ढकलला ते मला चुकीचं वाटतं. भामरे २०१९ ला २ लाख २९ हजारांनी आले होते. निकाल एकट्या मालेगावने ठरवला असं म्हणण्याआधी बाकीच्या पाच ठिकाणी कांदा, कापूस पिकवणारा माणूस काय करत होता हे विचारायला हवं. शिवाय बीड, जालना, दिंडोरी, चंद्रपूर इथल्या निकालांना हे कारण लागूच होत नाही.

मुंबईत सहापैकी चार मविआ. काँग्रेसच्या वर्षा गायकवाड १६ हजारांनी आल्या, त्यात ठाकरेंच्या शिवसैनिकाने पंजाचं बटण दाबलं हे मोठं काम होतं, कारण त्याची उभी हयात त्या चिन्हाविरुद्ध गेलेली. पण मुंबईतली सगळ्यात जवळून बघण्यासारखी जागा वायव्य मुंबई. अमोल कीर्तिकर मशालीवर, समोर शिंदेंचे रवींद्र वायकर, जे मार्चपर्यंत ठाकरेंकडेच होते. ईव्हीएमची सगळी मतं मोजून झाली तेव्हा कीर्तिकर ४,५१,०९५ आणि वायकर ४,५१,०९४. एक मत! साडेचार लाखांमध्ये एका मताने कीर्तिकर पुढे. मग टपाली मतं धरली, त्यात कीर्तिकरांना १,५०१ आणि वायकरांना १,५५०, आणि वायकर ४८ मतांनी खासदार झाले. १११ टपाली मतं बाद झाली होती, त्यावरून मतमोजणी केंद्रातच वाद पेटला आणि प्रकरण पुढे हायकोर्टापर्यंत गेलं. माझ्या एका मताने काय होतं म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे आकडे पाठवावेत, मी पाठवतो.

कोकणाने मात्र उलटं मत दिलं. ठाणे-पालघरपासून सिंधुदुर्गपर्यंत सहापैकी पाच महायुती, एकटी भिवंडी सुटली. राणे आले, तटकरे आले (अजित पवारांची राज्यातली एकमेव सीट), ठाणे-कल्याण शिंदेंनी राखलं. तिथे कांदा नाही, सोयाबीन नाही, आरक्षणाची धग नाही, आणि शिंदेंची शाखा-शाखांवरची पकड घट्ट. म्हणूनच मी म्हणतो की राज्यव्यापी लाट नव्हती, जिथे दुखणं होतं तिथे महायुती पडली आणि जिथे नव्हतं तिथे ती नीट उभी राहिली. पश्चिम महाराष्ट्र तर अर्धा-अर्धा वाटला गेला, आणि सांगलीत मविआने आपल्याच हाताने सीट घालवली होती, ठाकरेंनी चंद्रहार पाटलांना उभं केलं, काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष लढले आणि लाखाने आले, मशाल ६० हजारांच्या आसपास अडकली.

मविआच्या नेत्यांनी ३० हा आकडा बघितला, ४३.९ आणि ४३.५ हे आकडे बघितले नाहीत. विधानसभेला त्याच जागावाटपाच्या भांडणात आठवडे घालवले. महायुतीने मात्र मतं मोजली. जुलैपासून लाडक्या बहिणीला महिन्याला दीड हजार सुरू केले, आणि १३ सप्टेंबर २०२४ ला केंद्राने कांद्याचं किमान निर्यात मूल्य काढून टाकलं, शुल्क ४० वरून २० टक्क्यांवर आणलं. नोव्हेंबरात विधानसभेचं मतदान झालं तेव्हा बाजारात कांद्याला भाव होता आणि मतदान ६६ टक्क्यांवर गेलं होतं. महायुती २८८ पैकी २३० वर गेली, एकटा भाजप १३२. आणि ज्या दिंडोरी लोकसभेने मे महिन्यात केंद्रीय मंत्र्याला लाखाच्या वर मतांनी पाडलं होतं, तिथले सहाच्या सहा महायुतीचे आमदार, तेच भुजबळ, झिरवाळ, कांदे, बनकर, आहेर, नितीन पवार, पुन्हा निवडून आले.